दोन पलंगांमधले टेबल

१९५० च्या दशकातील अमेरिकन कौटुंबिक विनोदी मालिका आज पाहताना झोपायच्या खोलीतले एक दृश्य वारंवार समोर येते. दोन अरुंद पलंग, दोन वेगळ्या चादरी, मध्ये एक बुटके टेबल आणि त्यावर दिवा. नवरा गळ्यापर्यंत बटणे लावलेल्या पायजम्यात असतो, बायको तितक्याच बंदोबस्तातल्या गाऊनमध्ये असते. दिवसभरातल्या घोटाळ्याविषयी दोन वाक्ये होतात, कुणीतरी हात लांबवून दिवा मालवतो आणि भाग संपतो. शेजारच्या खोलीत या जोडप्याची मुले झोपलेली आहेत हे आठवले की आजच्या प्रेक्षकाला हसू येते. त्या हसण्यात एक निष्कर्ष गृहीत धरलेला असतो. तो काळ सोवळा होता, नवराबायको एका पलंगावर दिसणे तेव्हाच्या लोकांना सोसत नव्हते, आणि पुढे समाज मोकळा होत गेला तसे दोन पलंगांचे एक झाले, असा तो निष्कर्ष आहे.

मला तो मान्य नाही. ते दोन पलंग तेव्हाच्या प्रेक्षकांविषयी फारच थोडे सांगतात; प्रेक्षकांना काय खपेल याविषयी जाहिरातदार आणि वाहिन्या यांनी बांधलेल्या अंदाजाविषयी मात्र बरेच सांगतात. हा अंदाज कुणी कागदावर मांडला नाही, म्हणून त्याची परीक्षाही झाली नाही, आणि परीक्षा झाली नाही म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला. सभ्यतेच्या नावाने चालणाऱ्या नियंत्रणाचा हा प्रकार सरकारी बंदीपेक्षा सौम्य समजला जातो. तो सौम्य आहे की नाही, हा आजचाही सार्वजनिक प्रश्न आहे, आणि त्याचा विचार करण्यासाठी या दोन पलंगांइतके निरुपद्रवी, म्हणूनच सोयीचे उदाहरण दुसरे सापडणार नाही.

प्रथम नियमाचा शोध घेऊ. चित्रपटांसाठी हॉलिवूडच्या निर्मात्यांनी १९३० मध्ये एक आचारसंहिता स्वीकारली आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयामार्फत ती कडकपणे अमलात आली. विल हेज यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संहितेत शयनगृहांविषयी काय आहे? त्यांचे चित्रण सुरुचीने आणि नाजूकपणे व्हावे, एवढेच. पलंग एक असावा की दोन, त्यांत किती अंतर असावे, नवऱ्याचा एक पाय जमिनीला टेकलेला असावा की नाही, यांतले काहीही त्यात नाही. पाय टेकण्याची ती प्रसिद्ध अट तर निव्वळ दंतकथा आहे. प्रत्यक्षात दोन पलंगांचा आग्रह ब्रीन यांच्या कार्यालयाच्या सल्ल्यांतून रुजला, आणि त्या सल्ल्यामागे बऱ्याचदा कारण दिले जाई ते ब्रिटनच्या बाजारपेठेचे: तिथले परिनिरीक्षक (सेन्सॉर) मंडळ एका पलंगावरच्या दांपत्याला कात्री लावते, तेव्हा आधीच काळजी घ्या. म्हणजे अमेरिकन प्रेक्षकाच्या नजरेपासून जे वाचवले गेले, त्यामागे काही अंशी दुसऱ्या देशातल्या तिकीटविक्रीची चिंता होती.

दूरचित्रवाणीची कथा याहून वेगळी नाही. १९५१ साली सिनेटर विल्यम बेंटन यांनी नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवर लक्ष ठेवणारे नागरिकांचे सल्लागार मंडळ नेमण्याचा प्रस्ताव काँग्रेसपुढे आणला. सरकार दारात येण्याआधी आपणच घर आवरून ठेवावे, या हिशेबाने प्रसारकांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याच वर्षी डिसेंबरात स्वतःची संहिता मंजूर केली आणि मार्च १९५२ पासून ती लागू केली. संहिता पाळणाऱ्या केंद्रांना पडद्यावर दाखवायला एक मुद्राही मिळाली. या संहितेने विवाहसंस्थेचे पावित्र्य आणि घराचे मोल जपायला सांगितले, घटस्फोट हलक्याने घेऊ नये, संसारातल्या अडचणींवरचा उपाय म्हणून त्याचे समर्थन करू नये असे बजावले, आणि लैंगिक जीवनाशी निगडित स्थळे दाखवताना सुरुची व नाजूकपणा यांचा जुनाच मंत्र म्हटला. पलंगांचा उल्लेख इथेही नाही. संहितेने सुरुची मागितली. सुरुचीचे भाषांतर ‘दोन पलंग’ असे कुणी केले, हे कोणत्याही ठरावात सापडत नाही.

आणि संहितेच्या आधी काय होते? १८ नोव्हेंबर १९४७ रोजी ड्युमाँट या वाहिनीवर ‘मेरी के अँड जॉनी’ नावाची मालिका सुरू झाली. अमेरिकन दूरचित्रवाणीवरची ती पहिली कौटुंबिक विनोदी मालिका मानली जाते. मेरी के आणि जॉनी स्टर्न्स हे खरेच नवराबायको होते, न्यूयॉर्कमधल्या नवपरिणित जोडप्याची भूमिका करत होते, आणि मालिकेत ते एकाच पलंगावर झोपत. १९४८ मध्ये मेरी के यांना दिवस गेले, तेव्हा तेही कथेत आले. डिसेंबरात मुलगा झाला आणि तो तान्हेपणीच मालिकेत दाखल झाला. यावरून काही गहजब झाल्याची नोंद नाही. उलट प्रायोजकाने एकदा प्रेक्षकसंख्या अजमावण्यासाठी पहिल्या २०० पत्रलेखकांना छोटा आरसा भेट देण्याची घोषणा केली, तेव्हा सुमारे ९ हजार पत्रे आली. मालिका त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे थेट प्रक्षेपित होई. जी थोडी ध्वनिचित्रमुद्रणे झाली तीही पुढे नष्ट झाली आणि आज संग्रहात जवळजवळ काहीच उरलेले नाही. आपल्या डोळ्यांपुढे राहिले ते नंतरचे दोन पलंग. हा पुरावा असा निवडक उरल्यामुळेच ‘आधी सोवळे, मग मोकळे’ हा क्रम आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो. वास्तवात आधी एक पलंग होता, मग दोन झाले, मग पुन्हा एक.

मधल्या काळात काय बदलले? प्रेक्षकांची नीतिमत्ता चार वर्षांत पालटली, असे म्हणण्याला काही आधार नाही. पालटले ते आकडे. १९५० साली अमेरिकेतल्या शंभरातल्या सुमारे ९ घरांत संच होता. १९६० मध्ये हे प्रमाण ८७ वर गेले. मोजक्या घरांपुरता चाललेला खेळ कोट्यवधींच्या घरात शिरला आणि त्याबरोबर साबण, सिगारेट, मोटारी विकणाऱ्या कंपन्यांचा प्रचंड पैसाही शिरला. त्या काळी बऱ्याच मालिकांचा एकच प्रायोजक असे, आणि त्याच्या जाहिरातसंस्थेला पटकथेच्या पानापानावर बोलण्याचा अधिकार असे. लाखभर लोक खूश झाले तरी त्यातला कुणी एक नाराज होऊन साबण बदलेल, ही भीती अशा रचनेत निर्णायक ठरते. कारण खूश झालेला पत्र लिहीत नाही आणि नाराज झालेला लिहितो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. जोडीचे स्वतंत्र पलंग दूरचित्रवाणीने शोधून काढलेले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी त्यांचा पुरस्कार केला तो आरोग्यासाठी: शेजारी झोपणाऱ्याचा उच्छ्वास रात्रभर आत घेणे अपायकारक, असे मत तेव्हा मांडले जात होते. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे पलंग आधुनिक, टापटिपीच्या मध्यमवर्गीय घराची खूण बनले आणि फर्निचरच्या दुकानांत जोडीने विकले जाऊ लागले. त्यामुळे पडद्यावरचे दोन पलंग पाहून तेव्हाचा प्रेक्षक चक्रावत नव्हता. कित्येकांच्या घरी ते होतेच. संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मेरी स्टोप्स यांना मात्र हे स्वतंत्र पलंग अजिबात पसंत नव्हते आणि सुखी सहजीवनाच्या आड ते येतात असे त्या ठासून सांगत. ज्या १९२१ साली स्टोप्सबाईंनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले, त्याच साली मुंबईत र. धों. कर्व्यांनीही संततिनियमनाचे काम सुरू केले. कर्व्यांकडे मी पुढे परत येणार आहे.

म्हणजे एखाद्या मालिकेत दोन पलंग असणे हे खोटे नव्हे. सगळ्याच मालिकांत दोनच पलंग असणे, आणि दुसरी शक्यता चर्चेलाही न येणे, हे खोटे आहे. वास्तवातल्या एका फॅशनची ढाल करून भीतीने आपले काम केले.

मराठी वाचकाला हे सारे थोडे गमतीचे वाटले तर नवल नाही. चाळीतल्या दीड खोलीत किंवा वाड्याच्या माजघरात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्यासाठी नवराबायकोला मिळून एक खोली असणे हीच चैन होती. कॉट असलीच तर आजोबांची. बाकी घर ओळीने पसरलेल्या गाद्यांवर झोपे. अशा डोळ्यांना तो दोन पलंगांचा खोलीभर पसारा सोवळेपणापेक्षा श्रीमंतीचा वाटतो. आणखी एक विसंगती आपल्याला चटकन जाणवते. आपल्याकडे नवराबायकोने चारचौघांत जवळ बसणे गैर मानले जाई, पण बाई गरोदर असल्याचे लपवण्याचे कारण नव्हते. ओटी भरायची, फुलांची वाडी भरायची, डोहाळजेवणाला सगळी आळी बोलवायची. भाषेनेही त्यासाठी किती वाटा करून ठेवल्या आहेत: दिवस गेले, दोन जिवांची आहे, पोटुशी आहे, पाय जड झाले. अमेरिकन वाहिनीपुढे मात्र १९५२ साली ‘गरोदर’ या अर्थाचा एक साधा शब्द उच्चारावा की नाही, हा मोठा पेच होऊन बसला.

तो प्रसंग तपशिलात पाहण्याजोगा आहे. ‘आय लव्ह लूसी’ ही मालिका सीबीएसवर १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाली. ल्युसिल बॉल आणि क्यूबात जन्मलेले बँडवादक देसी आर्नाझ यांचे लग्न १९४० साली झाले होते, तरीही क्यूबन उच्चार असलेला माणूस या तांबड्या केसांच्या अमेरिकन बाईचा नवरा म्हणून प्रेक्षकांना पटणार नाही, अशी शंका वाहिनीने काढली. खऱ्या नवऱ्याने नवऱ्याची भूमिका करणे अविश्वसनीय ठरेल, ही शंकाच मुळात विनोदी मालिकेत शोभावी अशी आहे. दोघांनी १९५० मध्ये रंगमंचावर जोडीने कार्यक्रम करत दौरा केला आणि प्रेक्षक हसतात, टाळ्या देतात हे दाखवून दिले. वाहिनीच्या अंदाजाला इथे पहिला धक्का बसला; पण अंदाज बांधणारे त्यातून काही शिकले असे दिसत नाही. मालिकेतल्या लूसी आणि रिकी रिकार्डो या दांपत्याचे पलंग सुरुवातीला दोन असले तरी एकमेकांना चिकटवलेले असत. दोन गाद्या, दोन चादरी, पण मध्ये फट नाही, अशी ही तडजोड होती.

पहिल्या मोसमानंतर ल्युसिल बॉल पुन्हा गरोदर राहिल्या. आता मालिका थांबवायची, की त्यांना खुर्च्या-टेबलांच्या आड उभे करून चित्रीकरण करायचे? प्रायोजक फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी होती आणि तिचा व वाहिनीचा कल लपवण्याकडे होता. आर्नाझ आणि निर्माते जेस ओपेनहायमर यांनी ती गोष्ट कथेतच आणायची असे ठरवले, आणि कंपनीच्या प्रमुखांपर्यंत जाऊन ते मान्य करून घेतले. मग संमतीची अट म्हणून एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रॉटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू रबाय यांनी प्रत्येक पटकथा तपासायची असे ठरले. त्या तिघांना आक्षेपार्ह काही सापडले नाही. ‘गरोदर’ हा शब्दही त्यांना खटकला नाही. खटकला तो वाहिनीला. संवादांत ‘अपेक्षा आहे’ अशा अर्थाचा सोज्वळ पर्याय वापरला गेला, आणि ८ डिसेंबर १९५२ च्या भागाच्या शीर्षकात तोच अर्थ फ्रेंच भाषेत घालण्यात आला, जणू परकी भाषा हा पडदाच आहे. धर्मगुरूंपेक्षा जाहिरातदार अधिक धार्मिक निघावा, यातच सारे आले.

१९ जानेवारी १९५३ च्या रात्री लूसीला मुलगा झाला. त्याच दिवशी ल्युसिल बॉल यांनाही मुलगा झाला. शस्त्रक्रियेचा दिवस आधी ठरलेला असल्याने हा योग जुळवून आणता आला. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तो सोहळा पाहणारे सुमारे २ कोटी ९० लाख होते. प्रेक्षक काय सहन करतील याची याहून मोठी परीक्षा घेता आली नसती, आणि प्रेक्षक त्यात उत्तीर्ण झाले एवढेच म्हणणे अपुरे आहे. ते कधी नापास होणारच नव्हते. पण यातून वाहिन्यांनी काढलेला धडा पाहा. मूल झाल्यावर रिकार्डो दांपत्याचे चिकटलेले पलंग वेगळे झाले आणि मध्ये टेबल आले! कदाचित बाळाच्या आगमनाने जे आता कुणापासूनच लपले नव्हते, त्याची भरपाई कुठेतरी करायला हवी असे कुणाला वाटले असावे. हा माझा तर्क आहे. पण त्या टेबलाचे दुसरे कारण मला सुचत नाही.

याच मालिकेच्या सुरुवातीच्या चित्रमालिकेत लूसी आणि रिकी यांच्या आकृत्या सिगारेटच्या पाकिटाभोवती बागडत. गरोदर बाईचा उल्लेख नको, पण धूर चालेल, हे त्या काळच्या सुरुचीचे खरे मोजमाप आहे. अमेरिकन दूरचित्रवाणीवरून सिगारेटच्या जाहिराती गेल्या त्या १९७१ च्या जानेवारीत, आणि त्याही कायद्याने. कुणाच्या सुरुचीने नव्हे. हिंसेचेही तसेच. ९ मे १९६१ रोजी संघीय दळणवळण आयोगाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी प्रसारकांसमोर केलेल्या भाषणात दूरचित्रवाणीला ‘विस्तीर्ण उजाड प्रदेश’ म्हटले आणि तिथे दिवसभर दिसणारे खून, मारामाऱ्या, क्रौर्य यांची यादीच वाचली. बंदुकीने माणूस मारल्याचे मुलांनी पाहिलेले चालते, पण आईबाप एका चादरीखाली वर्तमानपत्र वाचताना पाहिलेले चालत नाही, असे ज्या व्यवस्थेत ठरते तिला कुटुंबाची काळजी होती, हा दावा मला पटत नाही. तिला तक्रारीची काळजी होती. बंदुकीविषयी तक्रार करणारे संघटित नव्हते आणि पलंगाविषयी करतील असे वाटत होते, एवढाच फरक.

नंतर पलंग जोडले गेले ते कसे, यातही एक मौज आहे. १९६० साली एबीसीवर सुरू झालेल्या ‘द फ्लिंटस्टोन्स’मध्ये फ्रेड आणि विल्मा एकाच पलंगावर झोपत, कारण ते अश्मयुगातले होते आणि कार्टून होते. (या कार्टून कुटुंबाचा एक प्रायोजकही सिगारेटच होती, आणि फ्रेड जाहिरातीत ती ओढतानाही दिसे.) १९६४ मध्ये ‘बिविच्ड’मधल्या दांपत्याला एक पलंग मिळाला, पण तिथे बायको चेटकीण होती. त्याच वर्षी ‘द मन्स्टर्स’मध्ये मिळाला, तिथे नवरा राक्षस होता. माणसांना जे नाकारले गेले ते चित्रांना, चेटकिणींना आणि राक्षसांना विनासायास देण्यात आले. नियम खरोखर नीतीचा असता तर त्याने राक्षसालाही रोखले असते. इथे फक्त एवढे पाहिले जात होते की ‘हे आपल्या शेजाऱ्यासारखे दिसते’ असे कुणी म्हणू नये.

शेजाऱ्यांसारखे दिसणारे मात्र त्याच वेळी अडकून होते. ‘द डिक व्हॅन डाइक शो’ १९६१ ते १९६६ या काळात चालला. त्यातले रॉब आणि लॉरा पेट्री हे तरुण, देखणे, एकमेकांवर उघड प्रेम करणारे, घरात नाचगाणी करणारे जोडपे. त्या काळातल्या इतर कोणत्याही मालिकेपेक्षा त्यांच्यातले आकर्षण प्रेक्षकाला स्पष्ट जाणवे. तरी रात्री त्यांना दोन पलंगांवर पाठवले जाई. लॉराची भूमिका करणाऱ्या मेरी टायलर मूर यांनी घरात झगा न घालता घोट्याच्या वर येणारी तंग विजार घातली, त्यावरही जाहिरातदारांनी हरकत घेतली आणि सुरुवातीला ती विजार भागातल्या एका प्रसंगापुरती मर्यादित ठेवावी लागली, असे मूर यांनी सांगितले आहे. न्हाणीघराचेही असेच. १९५७ च्या एका मालिकेत दोन मुलांनी मगरीचे पिल्लू शौचालयाच्या पाण्याच्या टाकीत लपवले, तर वाहिनीशी झालेल्या रदबदलीनंतर टाकी दाखवायला परवानगी मिळाली, भांडे दाखवायला नाही. पाणी भरते ते चालेल, पाणी जाते कुठे ते विचारू नका.

१९६९ मध्ये ‘द ब्रेडी बंच’ सुरू झाली तोवर साध्यासुध्या, हाडामांसाच्या, उपनगरातल्या नवराबायकोचे एका पलंगावर गप्पा मारणे नेहमीचे होऊन गेले. इथे विजयाचे नगारे वाजवायचा मोह होतो, पण जरा बारकाईने पाहावे. या मालिकेत दोघांचेही दुसरे लग्न आहे. माइक विधुर आहे; पण कॅरोलच्या पहिल्या नवऱ्याचे काय झाले? निर्माते शेरवुड श्वार्ट्झ यांना ती घटस्फोटित दाखवायची होती, वाहिनीने नको म्हटले, आणि शेवटी तो प्रश्न कधीच न विचारता पाच वर्षे निभावली. पुढच्याच वर्षी मेरी टायलर मूर यांच्या स्वतःच्या नावाच्या मालिकेतही नायिका घटस्फोटित असावी ही लेखकांची कल्पना वाहिनीने फेटाळली आणि तिला प्रियकराशी नाते तोडून आलेली अविवाहिता ठेवण्यात आले. पलंगावरचा पहारा उठला आणि तो घटस्फोटाच्या दारावर जाऊन बसला. भीती संपली नव्हती; तिने फक्त जागा बदलली होती. म्हणूनच ‘समाज मोकळा झाला’ हे स्पष्टीकरण अपुरे पडते. समाजात घटस्फोट घेतलेली माणसे तेव्हाही भरपूर होती, जशी एका पलंगावर झोपणारी माणसे १९५२ मध्येही भरपूर होती.

माझ्या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. दूरचित्रवाणी तिकीट काढून पाहिली जात नाही. ती न बोलावता दिवाणखान्यात येते, तिच्यासमोर आजी असते, सहा वर्षांचे नातवंड असते. अशा माध्यमाने जरा अधिकच सांभाळून वागावे, यात काय चूक? शिवाय हे सांभाळणे उद्योगाने स्वतःहून केले, सरकारने कुणाला तुरुंगात घातले नाही. सरकारी कात्रीपेक्षा स्वनियंत्रण बरे नव्हे काय? पहिल्या भागाशी माझे भांडण नाही. मुले पाहतात म्हणून काही गोष्टी दाखवू नयेत, हे कुणीही पालक मान्य करील. पण मुलांनी आपल्या घरी रोज सकाळी जे पाहिलेले असते तेच त्यांच्यापासून लपवण्याने त्यांचे कसले रक्षण होते, हे मला कळत नाही. दुसरा भाग मात्र तपासून पाहिला पाहिजे, कारण आज आपणही त्याच वाटेवर आहोत.

सरकारी बंदी कठोर असते, पण तिला पत्ता असतो. कर्व्यांचेच पाहा. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, त्यात लैंगिक प्रश्नांवर उघड लिहिले, आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे हरले, दंड भरला, मासिक १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालूच ठेवले. त्यांच्यावर अन्याय झाला असे मी मानतो. तरी कोणत्या लेखामुळे, कोणत्या कलमाखाली, कुणाच्या निकालाने झाला, हे आज नव्वद वर्षांनी कुणालाही सांगता येते आणि त्याच्याशी वाद घालता येतो. दोन पलंगांच्या बाबतीत असे काय सांगता येते? तिथे आरोपी नाही, कलम नाही, निकाल नाही. लेखकाने पटकथा लिहितानाच दोन पलंग लिहिले, नेपथ्यकाराने न विचारता दोन पलंग मांडले, आणि वाहिनीच्या छाननी विभागाला खोडण्यासारखे काही उरलेच नाही. ज्याच्याविरुद्ध अपील करायचे तो निर्णय कुणी घेतलाच नव्हता.

अमेरिकेतच याची उलट बाजूही दिसली. १९७५ साली संघीय आयोगाच्या दबावाखाली वाहिन्यांनी संध्याकाळचा पहिला टप्पा ‘कौटुंबिक वेळ’ म्हणून राखून ठेवला आणि संघटनेच्या संहितेत तशी तरतूद केली. हा दबाव कुणाचा आणि कधीचा हे माहीत असल्यामुळे लेखकांची संघटना न्यायालयात गेली, आणि १९७६ मध्ये न्यायाधीश वॉरन फर्ग्युसन यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. वरच्या न्यायालयाने पुढे तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर बाजूला ठेवला, तरी लढाई लढता आली. नियमाला हात लागला की तो हलवता येतो.

आपल्याकडे २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटी मंचांसाठी तीन पायऱ्यांची रचना आखली: आधी प्रकाशकाने स्वतः, मग प्रकाशकांच्या स्वनियामक संस्थेने, आणि सर्वांत वर शासनाच्या देखरेख यंत्रणेने तक्रारी पाहाव्यात. वयोगटानुसार वर्गीकरणही आले, आणि ते मला योग्यच वाटते; पाहणाऱ्याला आधी सांगणे हे दाखवणाऱ्याला अडवण्यापेक्षा केव्हाही चांगले. पण ही सारी यंत्रणा प्रदर्शित झालेल्या गोष्टीविषयीच्या तक्रारीवर चालते. जे प्रदर्शितच झाले नाही, जे लेखकाने पहिल्या खर्ड्यात गाळले किंवा बैठकीत ‘कशाला उगाच’ या दोन शब्दांनी संपले, त्याची नोंद पहिल्या पायरीवरही होत नाही. तक्रारींची आकडेवारी कमी आहे, म्हणून सगळे आलबेल आहे असे समजणे, म्हणजे पेट्री दांपत्याच्या पलंगांविषयी कुणी तक्रार केली नाही म्हणून ते तसेच झोपत होते असे समजणे होय. म्हणून स्वनियमन करणाऱ्या प्रत्येक संस्थेकडे एक मागणी करणे रास्त आहे: छाननी विभागाने प्रदर्शनापूर्वी सुचवलेले बदल, कारणांसह, ठरावीक मुदतीनंतर जाहीर व्हावेत. गुप्ततेचे रक्षण करून हे सहज करता येईल. अशी नोंद १९५२ पासून ठेवली गेली असती, तर त्या टेबलाविषयी मला वर तर्क लढवावा लागला नसता.

राहता राहिला प्रसारकांच्या त्या संहितेचा शेवट. तिने तीस वर्षे विवाहाचे पावित्र्य सांभाळले आणि ती गेली मात्र पावित्र्याशी काडीचा संबंध नसलेल्या कारणाने. एका तासात जाहिराती किती मिनिटे असाव्यात यावर संहितेने घातलेल्या मर्यादा म्हणजे स्पर्धेला आळा घालणारा संगनमताचा प्रकार आहे, असे म्हणत अमेरिकन न्याय विभागाने १९७९ मध्ये दावा लावला. १९८२ मध्ये न्यायालयाचा कौल संघटनेच्या विरोधात झुकला आणि १९८३ च्या सुरुवातीला तिने संपूर्ण संहिताच गुंडाळून ठेवली. सुरुची, नाजूकपणा, घराचे मोल, घटस्फोट, सारे त्याच गाठोड्यात गेले. दोन पलंगांचा नियम त्या दिवशी रद्द झाला नाही. रद्द करण्यासाठी तो कोणत्या पानावर आहे हे आधी सापडायला हवे होते.